संगणकाचे पहारेकरी आणि त्यांची परीक्षा

भिवंडीकरांस कापडाची पारख मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. मागावरून उतरलेला ताका तपासणीच्या टेबलावर उलगडला कीं जाणता मनुष्य त्यावरून हात फिरवितो, पन्हा मोजतो, उजेडासमोर धरून ताण्याचा धागा कोठें तुटला आहे व बाण्याचा कोठें सुटला आहे तें पाहतो, आणि मग भाव बोलतो. तांदूळ शिजवून कळतो, छत्री पहिल्या पावसांत कळते. परंतु हल्लीं आपल्या घरांतून, हिशेबनिसांच्या कचेऱ्यांतून आणि काल्हेर-पूर्णेकडील गोदामांतून एक अशी वस्तु दरवर्षीं पैसे मोजून घेतली जाते कीं जिची पारख ती वापरूनही होत नाहीं. संगणकाचें विषाणूंपासून रक्षण करणारी आज्ञावली ती हीच. बाजारांत तिला अँटीव्हायरस म्हणतात. ती उत्तम असेल तर वर्षभर कांहीं विपरीत घडत नाहीं. ती अगदींच कुचकामी असली, पण त्या वर्षांत संकट दाराशीं आलेंच नाहीं, तरीही कांहीं विपरीत घडत नाहीं. दोन्ही गिऱ्हाइकें सारखींच संतुष्ट राहतात.

अशा वस्तूचा व्यापार कसा चालतो, तो करणाऱ्यांस यश वा अपयश कशानें येतें, आणि त्या वस्तूची परीक्षा कोण व कोणत्या रीतीनें घेतें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय दूरदेशींचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्या व्यापारांत भारतांत गाजलेलें एक नांव आपल्या पुण्याचें आहे, तेव्हां तो अगदींच परका मानण्याचें कारण नाहीं.

प्रथम विषाणु म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. संगणक स्वतः विचार करीत नाहीं. त्यास दिलेल्या आज्ञा तो निमूटपणें पाळतो. आज्ञा देणारा धनी आहे कीं चोर, हें त्यास कळत नाहीं. कोणीं दुष्टबुद्धीनें अशी आज्ञावली लिहिली कीं जी एकदां चालूं झाली असतां आपलीच नक्कल दुसऱ्या फायलींत वा दुसऱ्या यंत्रांत उतरविते, तर ती रोगासारखी पसरते. म्हणून तिला विषाणु हें नांव पडलें. आय. बी. एम. धर्तीच्या संगणकांवरील पहिला विषाणु म्हणून ज्याचा निर्देश होतो तो ‘ब्रेन’ १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिला. त्या भावांनीं त्यांत आपलें नांव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांकही लिहून ठेविला होता. पुढच्या चोरांनीं हा शिष्टाचार अर्थातच पाळला नाहीं.

आज ह्या जातींत नाना प्रकार झाले आहेत, पण गृहस्थास सर्वांत अधिक भय खंडणीखोर प्रकाराचें आहे. हा प्रकार फायली नाहींशा करीत नाहीं. तो त्यांस कुलूप घालतो आणि किल्लीसाठीं पैसे मागतो. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा असा एक प्रकार जगांत सुटला आणि थोड्याच दिवसांत सुमारें १५० देशांत पसरला. प्रत्येक यंत्रामागें प्रथम ३०० डॉलरची मागणी होती. ज्या कचेरींत गेल्या तीन वर्षांचे वस्तु व सेवा कराचे हिशेब एकाच संगणकांत आहेत, किंवा ज्या घरांत मुलीच्या लग्नाचीं व दिवंगत आजोबांचीं छायाचित्रें दुसरीकडे कोठेंच ठेविलेलीं नाहींत, तेथें अशा कुलुपाचा अर्थ काय होतो हें निराळें सांगावयास नको.

आतां पहारेकऱ्याकडे वळूं. जुन्या अँटीव्हायरसची रीत पोलिसांच्या ठशांच्या दप्तरासारखी होती. पकडलेल्या प्रत्येक विषाणूची कांहीं विशिष्ट खूण टिपून ठेवावयाची, आणि संगणकांतील प्रत्येक फाईल त्या खुणांशीं ताडून पाहावयाची. विषाणु महिन्यास पांचपंचवीस निघत तोंपर्यंत ही रीत पुरेशी होती. परंतु जर्मनींतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ह्या परीक्षण-संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणें अलीकडे दररोज सुमारें साडेचार लक्ष नव्या अपायकारक वा अनिष्ट आज्ञावलींची नोंद होते. त्यांतील पुष्कळशा एकाच मूळ चोराचे बदललेले वेष असतात. तरीही ठशांचें दप्तर इतकें वाढवीत नेणें शक्य नाहीं. म्हणून आतां पहारेकरी चेहऱ्याबरोबर वर्तनही पाहतो. एखादी अनोळखी आज्ञावली एका मिनिटांत शेंकडों फायली बदलूं लागली, तर तिचें नांव दप्तरांत नसलें तरी तिला थांबविणें शहाणपणाचें ठरतें.

येथेंच ह्या धंद्याची मूळ अडचण उत्पन्न होते. वर्तनावरून संशय घ्यावयाचा म्हटलें कीं निरपराधावरही आळ येणार. अधिक कडक व्हावें तर सज्जन अडकतात, सौम्य व्हावें तर चोर निसटतात. फ्रेड कोहेन ह्या अमेरिकन अभ्यासकानें १९८४ सालच्या आपल्या निबंधांत असें दाखविलें कीं प्रत्येक विषाणूस अचूक ओळखील आणि कोणाही निर्दोष आज्ञावलीस चुकूनही दोष देणार नाहीं असा पहारेकरी निर्माण होणें तर्कदृष्ट्याच अशक्य आहे. ही गणिताची गोष्ट असून ती पैशानें वा परिश्रमानें बदलणारी नव्हे. तेव्हां डब्यावर ‘शंभर टक्के संरक्षण’ असें छापलेलें दिसल्यास तो जाहिरातीचा अलंकार समजावा.

आतां पुण्याची हकीकत. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूर हें काटकर कुटुंबाचें मूळ गांव. श्री. कैलास काटकर ह्यांनीं दहावीनंतर शिक्षण सोडलें आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानांत दरमहा सुमारें ४०० रुपयांवर नोकरी धरली. पुढें १९९० च्या सुमारास त्यांनीं मंगळवार पेठेंत दुरुस्तीचें स्वतःचें लहानसें दुकान काढलें. बँकांतून व कचेऱ्यांतून तेव्हां संगणक नुकतेच येऊं लागले होते; कॅल्क्युलेटर उघडणारा हात तेंही यंत्र उघडावयास शिकला. धाकटे बंधु श्री. संजय हे पुण्याच्या मॉडर्न कॉलेजांत संगणकशास्त्र शिकत होते. दुकानांत दुरुस्तीस येणाऱ्या अनेक यंत्रांस मोडतोड झालेली नसून विषाणूंची बाधा झालेली असे. संजय ह्यांनीं त्या त्या विषाणूवर उतारा म्हणून लहान लहान आज्ञावली लिहिल्या. त्या एकत्र होऊन ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस जन्मास आला. १९९५ सालीं दोघां भावांची कंपनी रीतसर नोंदली गेली. तिचें पहिलें नांव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस असें होतें. २००७ सालीं तें बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज असें करण्यांत आलें.

ह्या हकीकतींत थोरल्या भावाच्या कष्टांचें कौतुक पुष्कळ होतें आणि तें योग्यच आहे. परंतु व्यापाराच्या दृष्टीनें दुसरी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. संगणक दुरुस्त करणारा कारागीर हाच ह्या वस्तूचा खरा विक्रेता आहे, हें त्या दुकानांत बसलेल्या मनुष्यास जितकें स्पष्ट दिसलें तितकें परदेशच्या मोठ्या कंपन्यांस दिसलें नसावें. आपल्याकडे त्या काळीं बहुतेक संगणक सुटे भाग आणून गल्लींतला तंत्रज्ञ जोडून देत असे. यंत्र बिघडलें कीं गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाई, आणि तो जो अँटीव्हायरस बसवी तोच उत्तम असें मानी. म्हणून क्विक हीलनें गांवोगांवच्या अशा विक्रेत्यांचें जाळें विणलें. वैद्यानें सांगितलेलें औषध रोगी सहसा नाकारीत नाहीं, तशीच ही रीत होती.

ह्या वस्तूच्या हिशेबाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. मागावर एक ताका अधिक काढावयाचा तर तितकें सूत, तितकी वीज व तितकी मजुरी लागते. अँटीव्हायरसचें तसें नाहीं. तो लिहिणाऱ्या शेंकडों अभियंत्यांचा पगार, विषाणु तपासणारी प्रयोगशाळा आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणारे लोक हा सर्व खर्च एक प्रत खपली तरी तितकाच आणि एक कोटि प्रती खपल्या तरी जवळजवळ तितकाच. एकदां हा खर्च भरून निघाला कीं पुढील प्रत्येक प्रतीची किंमत बहुतेक सर्व नफ्यांत जाते. शिवाय परवाना ठराविक मुदतीचा असल्यामुळें, एकदां मिळालेलें गिऱ्हाईक मुदत संपतांच नूतनीकरणासाठीं पुन्हां पैसे देतें. म्हणून विक्री वाढत असतां असा धंदा फार गोड दिसतो. २०१० सालीं सिक्वोया कॅपिटल ह्या भांडवलदार संस्थेनें ह्या कंपनींत सुमारें ६० कोटी रुपये गुंतविले. फेब्रुवारी २०१६ मध्यें कंपनीनें ३२१ रुपयांस एक ह्या दरानें समभाग लोकांस विकले आणि त्या विक्रींतून सुमारें ४५१ कोटी रुपये उभे राहिले. मात्र १८ फेब्रुवारी रोजीं बाजारांत ह्या समभागांचा व्यवहार सुरू झाला त्या पहिल्याच दिवशीं भाव विक्रीच्या किमतीहून बराच खालीं बंद झाला.

गोड दिसणाऱ्या त्याच हिशेबाची दुसरी बाजू अशी कीं विक्री घटूं लागली म्हणजे नफा तिच्याहूनही वेगानें घसरतो, कारण खर्च जागच्या जागीं राहतो. मार्च २०२२ अखेरच्या वर्षांत कंपनीचा व्यवसाय सुमारें ३४२ कोटी रुपयांचा व निव्वळ नफा सुमारें ८३ कोटींचा होता. पुढील वर्षीं व्यवसाय सुमारें २७८ कोटींवर आला, आणि नफा अवघा ६ कोटींच्या आसपास उरला. विद्यार्थ्यांनीं वजाबाकी करून पाहावी: विक्रीपेक्षां नफाच अधिक रुपयांनीं घटला आहे. खर्च नुसता जागच्या जागीं राहिला असता तर दोन्ही वजाबाक्या जवळजवळ सारख्या आल्या असत्या. म्हणजे त्या वर्षीं खर्च उलट वाढला होता. त्याच्या पुढील वर्षीं नफा पुन्हां थोडा सांवरला.

विक्री कां घटते? माल वाईट झाला म्हणून, असें सरळ उत्तर कोणासही सुचेल. येथें तें पुरेसें नाहीं. त्यासाठीं आधीं मालाची परीक्षा कशी होते तें पाहिलें पाहिजे.

इंग्लंडांतून १९८९ सालापासून निघूं लागलेल्या व्हायरस बुलेटिन ह्या नियतकालिकानें १९९८ सालीं ‘व्हीबी१००’ नांवाचें प्रशस्तिपत्र सुरू केलें. त्याचा आरंभींचा नियम साधा होता. जगांत प्रत्यक्ष फिरत असलेल्या विषाणूंची एक यादी घ्यावयाची. त्यांतील प्रत्येक विषाणु पकडला पाहिजे, आणि निर्दोष फायलींच्या ढिगांतील एकीवरही आळ येतां कामा नये. एक चूक झाली कीं परीक्षार्थी नापास. ह्या यादीचा विचार महत्त्वाचा आहे. तत्पूर्वीं कंपन्या आपण किती सहस्र विषाणु ओळखतो ह्याच्या बढाया मारीत, आणि त्यांतील कित्येक विषाणु प्रयोगशाळेबाहेर कधीं पडलेलेच नसत.

आज ह्या परीक्षांत दोन संस्थांचीं नांवें विशेष ऐकूं येतात. एक वर सांगितलेली माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, आणि दुसरी ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज. एव्ही-टेस्ट तीन विषयांत गुण देते: संरक्षण, वेग आणि उपयोगसुलभता. प्रत्येक विषयास सहा, असे एकूण अठरा गुण. संरक्षण म्हणजे काय तें उघड आहे. वेग म्हणजे पहारेकरी बसविल्यामुळें फायलींची नक्कल करणें, आज्ञावली उघडणें व संकेतस्थळ पाहणें ह्यांस किती अधिक वेळ लागतो. आणि उपयोगसुलभता ह्या मोघम नांवाखालीं मुख्यतः निरपराधांवरील आळ मोजले जातात.

ह्या तिसऱ्या विषयास पहिल्याइतकेच गुण कां, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर २१ एप्रिल २०१० रोजीं मिळालें. त्या दिवशीं मॅकफी ह्या नामांकित कंपनीनें आपल्या ठशांचें नवें दप्तर पाठविलें, आणि त्यांतील चुकीमुळें तिच्या अँटीव्हायरसनें विंडोज एक्सपी ह्या प्रणालीचीच एक आवश्यक फाईल विषाणु समजून काढून टाकली. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतील हजारों संगणक सारखे बंद पडून सुरू होऊं लागले. चोर कोणी आलाच नव्हता. पहारेकऱ्यानें घरच्या आचाऱ्यास बांधून ठेविलें होतें.

प्रत्यक्ष परीक्षेची तयारी मोठी कष्टाची असते. सर्व परीक्षार्थ्यांस एकाच घडणीचीं यंत्रें, एकच प्रणाली व तीच ताजी दुरुस्ती द्यावी लागते. विषाणु शिळा असून चालत नाहीं. आज पहांटे सांपडलेला नमुना दुपारपर्यंत सर्वांच्या दप्तरांत जाऊं शकतो. म्हणून एव्ही-कंपॅरेटिव्ह्जच्या परीक्षेंत अपायकारक पत्ते प्रत्यक्ष महाजालावरून, सर्व यंत्रांवर एकाच वेळीं उघडले जातात. प्रत्येक प्रयोगानंतर यंत्र पुसून पुन्हां मूळ स्थितीस आणावें लागतें, नाहीं तर आधींच्या नमुन्याचा दोष पुढच्याच्या माथीं बसतो. असे शेंकडों प्रयोग महिनोन् महिने चालतात. एका मासिकानें दहा नमुने दोन यंत्रांवर घालून ‘सर्वोत्तम’ असा शिक्का द्यावा, आणि ह्या मंडळींनीं असे कष्ट करावे, ह्यांत ताका उलगडून पाहणें आणि नुसती घडी पाहणें इतकें अंतर आहे.

निकाल वाचणाऱ्यास एक गोष्ट मात्र चकवा देते. अलीकडील परीक्षांत बहुतेक नामवंत परीक्षार्थी नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास असतात. पांचशें नमुन्यांत एकानें दोन सोडले व दुसऱ्यानें चार सोडले, एवढ्यावरून पहिला दुप्पट चांगला असें म्हणणें हास्यास्पद होईल. पुढच्या महिन्यांत क्रम उलटूं शकतो. एकाच महिन्याच्या निकालावर विसंबूं नये. दोनतीन वर्षांचे निकाल ओळीनें पाहिले तरच कांहीं कळतें.

आतां परीक्षकाच्या पोटापाण्याचा नाजूक प्रश्न. ह्या संस्थांचा खर्च कोण देतो? बहुतांशीं ज्यांची परीक्षा घ्यावयाची त्या कंपन्याच. त्या परीक्षेंत भाग घेण्याचें किंवा निकालाचें चिन्ह डब्यावर छापण्याचें शुल्क देतात. हें ऐकून कित्येकांच्या भुंवया चढतात. परंतु शालांत परीक्षेची फी आमचे विद्यार्थीही भरतातच, आणि तेवढ्यानें बोर्ड पक्षपाती ठरत नाहीं. खरा फरक दुसरा आहे. विद्यार्थ्यास गुण कमी पडले म्हणून तो पुढच्या वर्षीं सोयीचें बोर्ड शोधूं शकत नाहीं. कंपनी मात्र न आवडलेल्या परीक्षेस पुढें बसत नाहीं आणि ज्या परीक्षेंत तिचा क्रमांक वर लागला तिचीच जाहिरात करते. परीक्षकांनीं व उत्पादकांनीं मिळून २००८ सालीं आम्ट्सो नांवाची संघटना स्थापन केली व परीक्षांचे नियम ठरविण्यास आरंभ केला, त्याचें एक कारण हेंच.

तरीही सर्वांत मोठी फसवणूक परीक्षेच्या नियमांतून उद्भवत नाहीं. ती नमुन्यांतून उद्भवते. कापडाच्या धंद्यांतील पालकांस हें चटकन् कळेल. दाखविण्यास एक ताका आणि गांठींत भरण्यास दुसरा, हा प्रकार व्यापाराइतकाच जुना आहे, आणि बायबलांतील नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूची जी निंदा आहे ती ह्याच जातीच्या व्यवहाराची आहे. संगणकाच्या क्षेत्रांत तो २०१५ सालीं उघडकीस आला. चीनमधील किहू ३६० ही अफाट पसारा असलेली कंपनी आपला अँटीव्हायरस लोकांस फुकट देत असे आणि परीक्षांतही उत्तम गुण मिळवीत असे. ३० एप्रिल २०१५ रोजीं एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज व व्हायरस बुलेटिन ह्या तिन्ही संस्थांनीं एकत्र निवेदन काढून सांगितलें कीं परीक्षेस पाठविलेल्या प्रतींत रुमानियाच्या बिटडिफेंडर कंपनीचें तपासणी-यंत्र चालूं ठेविलेलें होतें, आणि लोकांस मिळणाऱ्या मुख्य प्रतींत तें बंद असून त्याऐवजीं कंपनीचें स्वतःचें यंत्र चालूं होतें. पेपर एकानें लिहिला आणि प्रमाणपत्र दुसऱ्यास मिळालें, असाच हा प्रकार झाला. तिन्ही संस्थांनीं त्या वर्षीं दिलेलीं प्रमाणपत्रें व गुण काढून घेतले. कंपनीनें आपल्या बाजूचें समर्थन केलें, परंतु नमुना आणि माल एक नव्हता ही मुख्य गोष्ट त्यानें पुसली गेली नाहीं.

ह्या प्रकरणापासून निकाल वाचतांना एक प्रश्न अवश्य विचारावा: परीक्षक आपली प्रत कोठून घेतो? कंपनीनें हातीं दिलेली घेतो, कीं सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणें बाजारांतून घेतो? डब्यावरील सुवर्णपदकाचें चित्र कितीही झळाळो, हें उत्तर त्यावर छापलेलें नसतें. तें संस्थेच्या मूळ अहवालांत पाहावें लागतें.

आतां मघांचा प्रश्न पुन्हां हातीं घेऊं. परीक्षेंत उत्तम गुण मिळूनही विक्री कां घटावी? कारण तितकेच गुण मिळविणारा दुसरा परीक्षार्थी फुकट काम करावयास तयार झाला आहे. मायक्रोसॉफ्टनें २००९ सालीं सिक्युरिटी एसेन्शियल्स नांवाचा विनामूल्य अँटीव्हायरस काढला, आणि २०१२ सालच्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पहारेकरी प्रणालींतच बसवून दिला. आरंभींच्या वर्षांत परीक्षांतून तो मागेंच असे, आणि विक्रेते तेवढें सांगून आपला डबा खपवीत. पुढें त्याची प्रगति झाली आणि एव्ही-टेस्टच्या परीक्षांतही तो पूर्ण गुण मिळवूं लागला. ज्या दिवशीं घराबरोबर चांगलें कुलूप फुकट मिळूं लागतें, त्या दिवशीं कुलूपवाल्यास निराळा विचार करावा लागतो. शिवाय घरांतील पुष्कळ काम संगणकावरून हातांतील फोनवर गेलें आहे, आणि तेथें अँटीव्हायरस विकत घेण्याची संवय लोकांस कधींच लागली नाहीं.

कुलूपवाल्यांनीं निरनिराळे मार्ग धरले. कांहींनीं एकमेकांस गिळलें: झेक प्रजासत्ताकांतील अवास्टनें २०१६ सालीं एव्हीजी घेतली, आणि २०२२ सालीं अवास्ट स्वतः अमेरिकेच्या नॉर्टनमध्यें मिसळून जेन डिजिटल ही कंपनी झाली. क्विक हीलनें ‘सेक्राइट’ ह्या नांवानें कंपन्या व सरकारी कचेऱ्या ह्यांच्याकडे अधिक लक्ष वळविलें, कारण तेथें संरक्षणाची गरज निराळी व करार मोठे असतात. कांहींनीं मात्र फुकट देऊन दुसऱ्या वाटेनें पैसा काढला. अवास्टची जंपशॉट ही उपकंपनी वापरणाऱ्यांच्या महाजालावरील भटकंतीची माहिती विकीत असे. बोभाटा होतांच जानेवारी २०२० मध्यें ती बंद करण्यांत आली, आणि २०२४ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें ह्या प्रकरणीं १ कोटी ६५ लक्ष डॉलर भरण्यास लाविलें. रात्रीं घर राखणाऱ्या मनुष्यानें घरांत कोण केव्हां आलें व गेलें ह्याची वही बाजारांत विकावी, असाच हा व्यवहार. आणि लक्षांत घ्या, परीक्षांच्या अठरा गुणांत ह्या दोषासाठीं एकही गुण कापला जात नव्हता. परीक्षा जें मोजते तेंच सांगते. बाकीच्याविषयीं ती मुकी असते.

मग पालकांनीं विकतचा अँटीव्हायरस घ्यावा कीं नाहीं? प्रणाली नवी असून तिच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसत असतील, तर साध्या घरगुती संगणकास प्रणालींतील पहारेकरी बहुधा पुरेल, असें माझें मत आहे. विकतच्या वस्तूंत मुलांच्या वापरावर नियंत्रण, बँकव्यवहारासाठीं निराळी खिडकी, अडचणीच्या वेळीं मराठींतून बोलणारा मनुष्य, असें कांहीं अधिक मिळत असेल आणि तें आपणांस खरोखर हवें असेल, तर पैसे देण्यांत मूर्खपणा नाहीं. मात्र मुदत संपलेला विकतचा पहारेकरी तसाच ठेवूं नये. तो जागा अडवून बसतो आणि नव्या खुणा त्यास मिळत नाहींत; काढून तरी टाकावा किंवा नूतनीकरण तरी करावें. हिशेबाच्या फायलींची एक नक्कल यंत्रापासून सोडविलेल्या निराळ्या डिस्कवर ठेवावी, कारण खंडणीखोराचा हात जोडलेल्या डिस्कपर्यंत पोहोंचतो. आणि वॉनाक्राय ज्या भोंकांतून शिरला तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच, म्हणजे दोन महिने आधीं, दिलेली होती.

ज्या विद्यार्थ्यांस ह्या विषयाची गोडी लागली असेल त्यांच्यासाठीं एक निरुपद्रवी प्रयोग आहे. अँटीव्हायरसवाल्यांनीं एकमतानें ‘आयकार’ नांवाची ६८ अक्षरांची एक चांचणी-फाईल ठरविली आहे. ती कोणासही अपाय करीत नाहीं, पण तिला पाहतांच ओरडावें असा सर्व पहारेकऱ्यांत करार आहे. शिक्षकांची परवानगी घेऊन संगणकाच्या तासाला ती उतरवून पाहावी. ओरड झाली तर पहारेकरी जागा आहे इतकें निश्चित कळेल. तो किती हुषार आहे, हें मात्र माग्डेबुर्ग आणि इन्सब्रुकच्या मंडळींसच विचारावें लागेल.